शनिवारचा सामना आणि पाण्याचा कॅन

नैरोबीच्या पूर्वेकडील एका वस्तीतल्या मैदानावर मी पहिल्यांदा मुलींचा फुटबॉल सामना पाहिला, तो शनिवार होता. मैदानाची सीमारेषा चुन्याने आखलेली नव्हती, काठीने मातीत ओढलेली खाच होती. त्या खाचेबाहेर वीस लिटरचे पिवळे प्लास्टिकचे कॅन ओळीने ठेवलेले होते, काही भरलेले, बरेचसे रिकामे. कॅनांच्या मधोमध अडीच-तीन वर्षांचा एक मुलगा बहिणीच्या चपला मांडीवर घेऊन बसला होता. बहीण आत डाव्या बगलेचा बचाव सांभाळत होती. चेंडू पलीकडच्या गोलाकडे गेला की ती मान वळवून भावाकडे पाहून घेई आणि चेंडू परत येऊ लागला की पुन्हा सामन्यात येई. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पाणी सुटल्याची हाक आली. दोन मुलींनी पंचाला सांगितले, आपापले कॅन उचलले आणि त्या पाणी विकणाऱ्या टपरीकडे धावत गेल्या. रांगेतून त्या परत येईपर्यंत त्यांचा संघ नऊ जणींनी खेळला, आणि याचे मैदानावर कुणालाही नवल वाटले नाही.

त्या वेळी मी नवऱ्याच्या नोकरीमुळे नैरोबीत राहत होते आणि एका लहान स्थानिक संस्थेला, देणगीदारांकडे पाठवायचे अहवाल लिहून देण्याचे काम करत होते. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातले पुरुष दुपारचे जेवण लवकर उरकून निघतात आणि हरल्याचा राग रात्रीपर्यंत घरात राहतो. त्यामुळे हा खेळ मला ऐकून आणि पाहून चांगला माहीत होता. आपण तो खेळावा, असे मात्र लहानपणी माझ्या मनातही आले नाही. मला कुणी मनाई केली नव्हती. मनाई करण्याची वेळच कुणावर आली नव्हती. नैरोबीतल्या त्या मुलींकडे पाहताना ही गोष्ट मला प्रथमच टोचली.

आफ्रिकेतल्या ‘खेळातून विकास’ या प्रकारच्या कार्यक्रमांविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २००५ हे वर्ष क्रीडा व शारीरिक शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, पुढे ६ एप्रिल हा विकास आणि शांततेसाठीच्या खेळाचा दिवस ठरला, आणि या सगळ्यात मुलींच्या फुटबॉलला मानाचे स्थान मिळाले. चेंडू किती वाटले, जर्सी किती दिल्या, किती मुली मैदानावर आल्या, यांची काटेकोर मोजदाद होते. मला तीन वर्षांत जे उमगले ते मात्र या मोजदादीत कुठेच बसत नव्हते. गरीब वस्तीतल्या मुलीकडे सर्वांत दुर्मीळ असतो तो तिचा स्वतःचा वेळ. चेंडू देणगीतून येतो, वेळ देणगीतून येत नाही. तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून काढून घ्यावा लागतो. समानतेचे जे काही काम या कार्यक्रमांतून होते, ते या ओढाताणीतच होते.

याचे सर्वांत जुने आणि माझ्या मते सर्वांत शिकवणारे उदाहरण नैरोबीतच आहे. माथारे ही शहराच्या मध्यवर्ती भागापासून फार दूर नसलेली, माथारे नदीच्या खोऱ्यात पसरलेली मोठी झोपडपट्टी. १९८७ मध्ये बॉब मन्रो या कॅनडाच्या, पर्यावरण आणि विकास या विषयांतल्या सल्लागाराने तिथल्या मुलांना घेऊन ‘माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन’ सुरू केली. तिला सगळे ‘मायसा’ म्हणतात. मुले तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने घट्ट आवळून केलेल्या चेंडूने खेळत असत. केनियात पिशवीला ‘जुआला’ म्हणतात आणि तिच्यापासून केलेल्या चेंडूलाही जुआलाच. (२०१७ मध्ये देशभर प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा बंदी योग्यच आहे हे पटत असूनही, आता या चेंडूंचे काय होणार, हाच प्रश्न माझ्या मनात आधी आला.) खरा चेंडू, खरा पंच आणि खरी साखळी स्पर्धा हवी असेल तर मुलांनी वस्तीतला कचरा उचलायचा आणि तुंबलेली गटारे मोकळी करायची, असा व्यवहार तिथे ठरला. सामना जिंकणाऱ्या संघाला तीन गुण मिळत, आणि ठरलेली स्वच्छता पार पाडणाऱ्या संघाला सहा. म्हणजे मैदानावर उत्तम खेळणारा पण फावडे हाती न घेणारा संघ तक्त्यात वर जाऊच शकत नसे.

ही गुणपद्धती मला अतिशय आवडते. मात्र तिच्याविषयी वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हाती झाडू आणि फावडे घेतलेले मुलगे हे माथारेसाठी नवे दृश्य होते. मुलींनी झाडणे, भरणे, वाहून नेणे यात वस्तीला काय नवे वाटणार? घरोघर तेच चालू होते. नवे होते ते एवढेच की त्या कामाला गुण मिळू लागले आणि ते गुण तक्त्यावर सर्वांना दिसतील असे लिहिले जाऊ लागले. पण मुलींपर्यंत हे पोहोचायला वेळ लागला. मायसात मुलींचा फुटबॉल १९९२ मध्ये सुरू झाला, म्हणजे संस्थेच्या स्थापनेनंतर पाच वर्षांनी. समाजासाठी, पर्यावरणासाठी, शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेतही ‘मुले’ या शब्दाचा अर्थ पाच वर्षे मुलगे असाच राहिला. याचा दोष मी कुणा एकाला देत नाही. फुटबॉल म्हटले की मुलगेच डोळ्यांसमोर येतात, हे इतके खोल रुजलेले होते.

ते कसे रुजले, हेही पाहण्यासारखे आहे. फुटबॉल आफ्रिकेत पसरला तो वसाहतींच्या काळातल्या शाळांतून, लष्करी छावण्यांतून, रेल्वे आणि खाणींच्या वसाहतींतून, म्हणजे पुरुषांच्या जागांतून. खुद्द इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या क्लबांची मैदाने महिलांच्या सामन्यांना बंद केली आणि ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. ‘आमच्या संस्कृतीत मुली हा खेळ खेळत नाहीत’, असे नैरोबीतल्या एखाद्या गृहस्थाने मला ठामपणे सांगितले की मला वाटे, हा खेळ तुमच्या संस्कृतीत आला तेव्हा हा नियमही त्याच पेटीतून आला होता.

मुलग्यांना मैदानावर आणायला एक चेंडू पुरला होता. मुलींना आणायला दारोदार जावे लागले. मार्था ब्रेडी आणि अर्जमंद बानू खान या दोन अभ्यासकांनी मायसातल्या मुलींच्या फुटबॉलविषयी २००२ मध्ये पॉप्युलेशन कौन्सिलसाठी एक अहवाल लिहिला. पालकांच्या ज्या शंका त्यात वाचायला मिळतात, त्या मी पुढे प्रत्यक्ष कानांनी ऐकल्या. घरचे काम कोण करणार, धाकट्यांना कोण सांभाळणार, अंधार पडण्याआधी ती परत येईल का, मुलांच्या घोळक्यात तिला काही झाले तर जबाबदार कोण. या शंका मागासलेपणाच्या नाहीत. ज्या वस्तीत रस्त्यावर दिवे नाहीत आणि शौचालय घरापासून लांब आहे, तिथल्या आईने सहाच्या आत परत ये म्हणणे हे शहाणपणाचेच आहे. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बघता बघता अंधार होतो. शाळा चारला सुटते असे धरले, तर पाणी, चूल, धाकटे भाऊ आणि परतीचा रस्ता वजा करून मुलीच्या हाती खेळायला काय उरते, याचा हिशेब कुणीही करावा. तिचा भाऊ दप्तर दारात टाकतो आणि जातो.

म्हणून ज्या कार्यक्रमांनी मुलींसाठी खरोखर काही केले, त्यांनी आधी वेळापत्रकात बदल केला. सरावाची वेळ उजेडातली ठेवली, मैदान घराजवळचे निवडले, प्रशिक्षक म्हणून वस्तीतल्याच थोड्या मोठ्या मुली तयार केल्या, आणि आयांना सामन्याला बोलावले. हे फारच साधे वाटते. पण मुलीला मैदानावर येणे जमत नाही याचे कारण तिच्या ‘आत्मविश्वासाच्या अभावात’ शोधणाऱ्या कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. त्या मुलींना आत्मविश्वास भरपूर होता, फक्त त्यांना पाणी भरायचे होते.

मायसातून निघालेल्या खेळाडूंमध्ये डोरीन नाब्वीरे यांचे नाव केनियात सर्वांना माहीत आहे. त्या माथारेच्या परिसरात वाढल्या, मायसात घडल्या आणि युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळणारी पहिली केनियन महिला ठरल्या. जर्मनीत वेर्डर ब्रेमेनकडून त्या खेळल्या. पुढे त्यांनी मुलींसाठी ‘गर्ल्स अनलिमिटेड’ ही संस्था काढली आणि केनियाच्या फुटबॉल महासंघात महिला फुटबॉलची जबाबदारीही सांभाळली. परदेशी देणगीदारांना अशी कथा फार आवडते, आणि ती आहेच आवडण्यासारखी. मला त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. खेळाडू म्हणून गाजलेली मुलगी परत येऊन निर्णय घेण्याच्या खुर्चीत बसली, हे वस्तीतल्या मुलींना गोलांपेक्षा अधिक काही सांगते.

नैरोबी सोडून किनाऱ्याकडे गेले की चित्र बदलते. मोंबासाच्या उत्तरेला हिंदी महासागराकाठी किलिफी आहे. नारळ, काजू, तांबडी माती. मी तिथे गेले तेव्हा पहिल्या तासाभरात मला रत्नागिरीची इतकी आठवण झाली की मी गप्पच बसले. वस्ती मुख्यतः मिजिकेंडा समाजांची, त्यांत गिर्यामा सर्वांत मोठे. तिथे सारा फोर्ड या ब्रिटिश महिलेने २००१ च्या सुमारास ‘मूव्हिंग द गोलपोस्ट्स’ ही संस्था सुरू केली. मायसात मुली आधीच उभ्या असलेल्या मुलग्यांच्या संस्थेत नंतर आल्या. किलिफीत संस्थाच मुलींची निघाली, आणि हा फरक मूलभूत आहे. संघ मुलींचे, प्रशिक्षक मुली, पंच मुली, प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी असलेली मुलगीच, आणि स्पर्धेचे वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीतही मुलीच. अनेक जणी अनवाणी खेळतात. शाळा सोडावी लागलेल्या मुलींना आणि कोवळ्या वयात आई झालेल्यांनाही तिथे जागा आहे, हे मला विशेष वाटते, कारण मूल झाल्यावर मुलीचे खेळणे संपले, असे बाकी सगळे जग गृहीत धरते.

किलिफीच्या कामात मासिक पाळीचा विषय सुरुवातीपासून होता. महिन्यातले चार-पाच दिवस मुली सरावाला का येत नाहीत, हा प्रश्न ज्या प्रशिक्षकाला पडतो, त्याच्यासमोर विकासाचा सगळा पसारा आपोआप उघडा होतो: पॅड विकत घ्यायला पैसे नाहीत, कापड वाळवायला आडोसा नाही, शाळेत पाणी नाही. केनियाने २००४ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा मूल्यवर्धित कर काढला आणि २०१७ मध्ये शाळकरी मुलींना पॅड मोफत देण्याची तरतूद कायद्यात केली. हे फुटबॉलमुळे झाले, असे म्हणण्याचा मोह मी टाळते. त्यामागे अनेक महिलांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. पण ज्या मैदानांवर मुली या विषयावर मोठ्याने बोलायला शिकल्या, ती मैदाने या कथेत आहेत.

शिट्टीविषयी थोडे सांगायला हवे. माथारेच्या सामन्यांत पंचाशी बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधाराला असतो, आणि ही प्रथा आमच्या संस्थेनेही उचलली होती. एके दिवशी बारा वर्षांखालच्या मुलग्यांच्या सामन्यात सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी पंच होती. तिने एक पेनल्टी दिली. ज्याच्या मुलाविरुद्ध ती गेली तो बाप रेषा ओलांडून आत आला आणि तावातावाने बोलू लागला. ती एक पाऊलही मागे सरली नाही. तिने शिट्टी तोंडातून काढली नाही, फक्त हात लांब करून जमिनीवरच्या त्या खाचेकडे बोट दाखवले आणि तशीच उभी राहिली. मैदान शांत झाले. बाप खाचेबाहेर गेला, मग तिने शिट्टी वाजवली. नियम सर्वांसमोर ठरलेला होता आणि तो राबवण्याचा अधिकार त्या मुलीकडे होता. त्या वस्तीत एवढ्या वयाच्या मुलीकडे असा अधिकार दुसऱ्या कोणत्या ठिकाणी होता, हे मी पुष्कळ आठवून पाहिले आणि मला एकही सापडले नाही.

आता मला ज्याचा खरोखर त्रास झाला, त्याविषयी. माझे काम अहवालाचे होते. एका देणगीदार संस्थेकडून आलेल्या प्रश्नावलीत प्रत्येक मुलीला विचारायचे होते की, खेळायला लागल्यापासून तुझ्या आयुष्यात कोणते बदल झाले. पुढे रकाने होते: आत्मविश्वास, शाळेतील हजेरी, आरोग्याची माहिती, निर्णय घेण्याची क्षमता. त्या डाव्या बगलेच्या मुलीला मी हा प्रश्न विचारला. ती मूळची उजव्या पायाची. संघात डाव्या बाजूला खेळायला कुणी तयार नव्हते म्हणून तिला तिथे उभे केले होते. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, “आता मला डाव्या पायानेही लांब मारता येतो.” ती अतिशय आनंदाने सांगत होती. मी तिचे उत्तर ‘आत्मविश्वास’ या रकान्यात लिहिले. ते खोटे नव्हते, पण तिने सांगितलेले ते नव्हते.

मुलग्याच्या फुटबॉलला कारण लागत नाही. त्याला खेळायला आवडते, एवढे पुरते. मुलीच्या फुटबॉलला मात्र कारणांची रास लागते: तिने खेळावे म्हणजे ती लवकर गरोदर राहणार नाही, एचआयव्हीपासून जपून राहील, शाळा सोडणार नाही, आणि पुढे कुटुंबाला, गावाला, देशाला वर काढील. नाइकी फाउंडेशनने २००८ मध्ये ‘गर्ल इफेक्ट’ या नावाची जी मोहीम सुरू केली, तिचा गाभा हाच होता की गरीब देशातल्या मुलीवर गुंतवलेला पैसा समाजाला भरपूर परतावा देतो. लिंडसे हेहर्स्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विचारातली अडचण नेमकी दाखवली आहे. गरिबी ज्यांनी निर्माण केली नाही, त्यांच्याच कोवळ्या खांद्यांवर ती दूर करण्याचे ओझे जाते, आणि जमिनीची मालकी, मजुरी, कायदा, पाणीपुरवठा हे सगळे जिथल्या तिथे राहते. मला याहून साधी गोष्ट खुपते. मुलीला खेळातला आनंद मिळवण्यासाठी आधी चांगले वागण्याची किंमत का मोजावी लागावी? झांबियात एज्युस्पोर्ट या संस्थेच्या ‘गो सिस्टर्स’ उपक्रमातून लुसाकाच्या वस्त्यांतल्या अनेक मुली नेतृत्व करू लागल्या, एचआयव्हीची माहिती खेळांतून देण्याची पद्धत तिथे रुजली, आणि त्या साथीच्या काळात तिचे मोल फार मोठे होते. हे काम व्हायलाच हवे होते. ज्या मुलीला माहितीपत्रक नको असेल आणि फक्त सामना हवा असेल, तिलाही चेंडू मिळायला हवा, इतकेच माझे म्हणणे आहे.

मुलग्यांना बाहेर ठेवून समानता येत नाही, हेही खरे, आणि म्हणून मिश्र संघांचे प्रयोग झाले. २०१० च्या विश्वचषकाच्या वेळी जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीत ‘फुटबॉल फॉर होप’ महोत्सव झाला. ३२ संघ, मुले आणि मुली एकत्र, आणि पंच नाही. सामन्याआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, सामन्यानंतर पुन्हा बसून ते पाळले का यावर बोलायचे. या पद्धतीचे मूळ कोलंबियातल्या मेडेयिन शहरात आहे, जिथे पहिला गोल मुलीनेच केला पाहिजे असा नियम होता. आपल्याकडे नागपूरच्या ‘स्लम सॉकर’लाही ही पद्धत परिचयाची आहे, त्या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, ही बातमी मी नैरोबीत वाचली आणि कार्यालयात सर्वांना अभिमानाने दाखवली. पहिल्या गोलाच्या त्या नियमाविषयी माझे मन अजून दोन्हीकडे ओढते. त्यामुळे मुलगे मुलींना चेंडू देऊ लागतात, हे मी पाहिले आहे. पण नियमापुरता चेंडू देऊन, पहिला गोल झाल्यावर मुलींना विसरून जाणारे संघही पाहिले आहेत.

वस्तीतल्या मैदानावरून वर चढणारी शिडी तर जागोजागी मोडकी आहे. केनियाचा महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. २०२२ च्या स्पर्धेसाठी मात्र पात्रता फेरीतूनच त्याला माघार घ्यावी लागली, कारण सरकार आणि महासंघाचे पदाधिकारी यांच्यातला वाद विकोपाला गेला होता आणि पाठोपाठ फिफाने देशाला निलंबित केले. भांडण खुर्च्यांचे होते, स्पर्धा मुलींची गेली. नायजेरियाच्या महिलांनी २०१६ मध्ये आफ्रिका चषक जिंकल्यावर हक्काच्या पैशासाठी अबुजातल्या हॉटेलात ठाण मांडले आणि संसदेवर मोर्चा नेला. दक्षिण आफ्रिकेने २०२२ मध्ये यजमान मोरोक्कोला २–१ असे हरवून तोच चषक जिंकला, आणि पुढच्याच वर्षी विश्वचषकाला निघताना खेळाडूंना मानधन आणि करार यांसाठी सराव सामन्यावर बहिष्कार घालावा लागला. त्याच विश्वचषकात आफ्रिकेच्या चारपैकी तीन संघांनी, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि मोरोक्को यांनी, बाद फेरी गाठली, आणि मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळणारी त्या स्पर्धेतली पहिली खेळाडू ठरली. हिजाब घालून खेळण्यावरची फिफाची बंदी २०१४ मध्येच उठली होती. पण बंदीच्या काळात ज्या मुली खेळ सोडून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

एका गोष्टीवर या कार्यक्रमांत फार कमी बोलले जाते. युडी सिमेलाने ही दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेली मध्यरक्षक होती, आणि आपण समलिंगी आहोत हे ती उघड सांगत असे. २००८ मध्ये तिच्याच क्वाथेमा वस्तीत तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. २०२२ मध्ये झांबियाच्या बार्बरा बांडाला, जिने टोकियो ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत तीन-तीन गोल केले होते, तिला लिंगविषयक पात्रतेच्या कसोट्यांवरून आफ्रिका चषकात खेळता आले नाही. या दोन घटना सारख्या नाहीत. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: बाई कशी दिसावी, कशी धावावी, हे ठरवणार कोण? पालकांची भीती घालवण्यासाठी आम्ही एका माहितीपत्रकात लिहिले होते की, फुटबॉल खेळल्याने तुमची मुलगी मुलासारखी होणार नाही. ते वाक्य माझेच होते. त्याने काही पालक राजी झाले, आणि ज्या मुली केस बारीक कापून, मोठ्या आवाजात बोलत, खांदे रुंद करून मैदानावर येत होत्या, त्यांना मी न कळत बाजूला उभे केले. त्यातली एक पुढे यायची थांबली. तिने कारण सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

तिसऱ्या वर्षी मुलींच्या समितीने शनिवारच्या सामन्याची वेळ बदलून मागितली. पाणी बहुतेक दहाच्या सुमारास सुटे. त्यांना सामना आठला हवा होता. आठची वेळ मोठ्या मुलग्यांच्या संघाची होती, कारण तेव्हा ऊन नसते, आणि ती किती वर्षांपासून त्यांची आहे हे कुणाला आठवतही नव्हते. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत मुलगे हसले, दुसरीत चिडले. तिसरीत मुलींनी पाण्याच्या रांगेमुळे गेल्या हंगामात किती सामने अपुऱ्या संघाने खेळावे लागले, याची हाताने लिहिलेली यादी वाचून दाखवली. ती यादी कुणी तयार करायला सांगितली नव्हती. मुलग्यांच्या कर्णधाराने एक महिना करून पाहू म्हटले. मोठ्या मुलांचे सामने अकराच्या उन्हात गेले आणि तिथेच राहिले.

नैरोबी सोडण्यापूर्वीचा माझा शेवटचा शनिवार आठच्या सामन्याचाच होता. धाकटा भाऊ आता मोठा झाला होता आणि गोलामागे गेलेले चेंडू आणून देत होता. बहीण त्याच्याकडे बघत नव्हती. शेवटच्या काही मिनिटांत उजवीकडून उंच चेंडू आला, तिने डाव्या पायाने तो लांब फेकायचा प्रयत्न केला, चेंडू पायाच्या कडेला लागून समोरच्या आघाडीवालीकडे गेला आणि गोल झाला. १–२. सामना संपल्यावर मी तिच्याबरोबर पाण्याच्या टपरीपर्यंत चालत गेले. मी दोन दिवसांनी जाणार आहे हे तिला माहीत होते, निरोपाचे काही बोलायचे असे मी ठरवूनही आले होते. ती मात्र पूर्ण रस्ताभर त्या एकाच चेंडूविषयी बोलत राहिली: वाऱ्यामुळे तो शेवटच्या क्षणी कसा वळला, आणि आपण एक पाऊल आधी कसे टाकायला हवे होते. कॅन भरत असताना तिने चप्पल काढली आणि त्या ओल्या मातीत डावा पाय नेमका कुठे पडायला हवा होता, ते मला दोनदा करून दाखवले.